काकांची सुरी आणि काळपुळी

आमच्या खानदानात पदवी घेतलेली मी पहिली. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. सांगायला काय जातं? निकाल लागला त्या दिवशी मायनं शेजारणीला सांगितलं, "पोरगी बारीक किडे बघायचं शिकली." शेजारीण म्हणाली, "किडे तर मव्ह्या डाळीत बी हायेत, त्याला कॉलेज कशाला लागतंय?" त्या दिवसापासून मी आमच्या लोकांना सूक्ष्मजीवशास्त्र समजावून सांगायचं सोडून दिलं.

सध्या मी शहरात, गारखेड्यात एका लॅबमध्ये नोकरी करते. दिवसभर रक्त आणि लघवी. साखर किती, हिमोग्लोबिन किती, काविळीचं काय. कॉलेजात शिकलेल्या मोठमोठ्या रोगांपैकी एकही माझ्या काचपट्टीवर कधी आला नाही. काळपुळी तर नाहीच. पुस्तकात तिला अँथ्रॅक्स म्हणतात आणि तिच्यावर टीप हमखास यायची. मला ती अशी पाठ होती की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितली असती. जंतू बांबूच्या कांड्यांसारखा, एकाला एक जोडलेला. जनावराच्या अंगात असतो तोवर मऊ. बाहेर हवेत आला की स्वतःभोवती टणक कवच करतो आणि मातीत बी पडावं तसा पडून राहतो. वर्षानुवर्षं राहतो. ऊन, पाऊस, दुष्काळ, कशानं मरत नाही. मग एखादी मेंढी तिथलं गवत बुडाशी खरडून खाते आणि हा गडी जागा होतो. या उत्तराला मला पैकीच्या पैकी मार्क होते. सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं होतं. हेही मी सगळ्यांना सांगते.

आम्ही मेंढपाळ. वडिलांनी मेंढ्या सोडून बिडकीनकडं मजुरी धरली, पण काकांनी सोडल्या नाहीत. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांचा कळप त्या भागात सगळ्यांना माहीत, आणि कळपाहून जास्त त्यांची सुरी माहीत. आमच्यात रीतच आहे, मेंढी अचानक मेली की तिला फाडून बघायची. का मेली ते कळल्याशिवाय बाकीच्या मेंढ्या कशा वाचवणार? आणि हे बघायला काकांसारखा दुसरा माणूस नाही. काळीज बघतील, फुफ्फुस दाबतील, तिल्ली, म्हणजे प्लीहा, तळहातावर घेऊन जोखतील आणि निकाल देतील. "जंत झाले." "विषारी पाला खाल्ला." "हिचं आयुष्यच एवढं होतं, मालकाची चूक नाय." मी लहानपणी शेजारी बसून हे सगळं बघितलं. कॉलेजात पहिल्यांदा चिरफाड होती तेव्हा वर्गातल्या चार मुलींना घेरी आली. मी मात्र सरांना विचारलं, "सर, सुरीला धार कामून नाही हो?"

मागच्या वर्षी पाऊस उघडल्यावर एका रविवारी मी स्कूटी काढून काकांच्या तळावर गेले. बिडकीनच्या अलीकडं एका शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या. लेंड्यांचं खत होतं म्हणून शेतकरी बोलावून बसवतात. पूर्वी आमचा कळप ज्या माळावर चरायचा तिथं आता कंपन्यांचे प्लॉट पडलेत, तारा ओढल्यात. म्हणून काका त्या वर्षी ओढ्याकाठच्या या रानात उतरले होते. माझे आजोबा हयात असताना तिथं कधी उतरायचे नाहीत. म्हणायचे, ही जागा मेंढी खाती. आम्ही हसायचो.

काकूंनी चहा दिला. काका बशी डाव्या हातानं तोंडाला लावत होते आणि उजवा हात घोंगडीखाली.

"काका, आज डाव्या हातानं चहा?"

"हाताला काय, कुठला बी चालतोय."

"दाखवा की तिला," काकू चुलीपासून म्हणाल्या. "सुजलाय लई. घरातच डॉक्टरीण हाय आपल्या."

"डॉक्टरीण कुठली? लघवीवाली हाय ती."

पण हात दाखवला. मनगटाच्या जरा वर चिंचोक्याएवढा काळा खड्डा. भोवती बारीक फोडांचं कडं. सूज कोपरापर्यंत गेलेली.

"दुखतं का?"

"नाय."

"खाजलं होतं?"

"आधी. मुंगी चावल्यावाणी पुळी आली. मंग तिच्यात पाणी झालं. मंग म्या बिब्बा लावला, त्यानं काळं पडलं. बिब्ब्यानं काळंच पडत असतंय, एवढं बी नाय व्हय शिकवलं कॉलेजात?"

बिब्ब्याचं तेल आमच्याकडं सगळ्यावर चालतं. काटा मोडला, बिब्बा. पाय मुरगळला, बिब्बा. पण ते लागलं की कातडी उतते आणि माणूस दोन दिवस झोपत नाही, हे आमच्यातल्या तान्ह्या पोरालाही माहीत आहे.

"बिब्बा लावल्यावर तरी दुखलं असेल ना?"

"अजाबात नाय!" काकांनी हात उंच केला. "मव्हा हात हाये ह्यो. बिब्बा बी हरला."

ते खूश होते. मी मात्र चहा खाली ठेवला. काळी पडलेली, सुजलेली, पण न दुखणारी जखम. टिपेतलं तिसरं वाक्य.

"काका, एवढ्यात मेंढी मेली का एखादी?"

हा प्रश्न त्यांना लई आवडला. सावरून बसले. "आठ दिवस झाले. सकाळी ठणठणीत, दुपारी आडवी. नाकातून रगत, मागून रगत. रगत गोठंना. म्या म्हणलं, फाशी दिसती. आता नुसतं दिसती म्हणून भागतंय व्हय? पक्कं कराया फाडली. आन् काय सांगू बाई तुला, तिल्ली! एवढी! काळीशार, बोट लावलं तर लगदा. उभ्या जन्मात अशी तिल्ली बघितली नव्हती. तू असतीस तर तुला बी दाखवली असती."

"खाल्ली नाही ना?"

"मला येडं समजती का? ज्याचं रगत गोठत नाय ते खायाचं नसतंय. वड्यात टाकली. कातडं तेवढं ठेवलं."

बाभळीच्या कुंपणावर ते वाळत होतं. काकू तिकडं निघाल्या, मला दाखवायला. मी अशी ओरडले की दोन कोकरं उधळली.

"कालच परत मीठ चोळलंय म्या त्याला," काकू म्हणाल्या. "चांगलं कातडं हाय."

मी काकूंचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. एकही पुळी नव्हती. साबणानं दोनदा धुवायला लावले. मग मी बोलायला उभी राहिले आणि तिथंच चुकले. बोलायच्या ऐवजी मी उत्तरपत्रिका वाचायला लागले. सदर रोग हा तृणभक्षी प्राण्यांमध्ये प्रामुख्यानं आढळतो. बाधित प्राण्याचं शवविच्छेदन करू नये, कारण रक्त हवेत उघडं पडताच जंतूंचं बीजाणूंमध्ये रूपांतर होतं. काका माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

"झालं?" ते म्हणाले. "आता मराठीत सांग."

मग मराठीत सांगितलं, जंतूच्या कांड्यांपासून. जनावराला आपण फाशी म्हणतो आणि माणसाला काळपुळी, पण रोग एकच. मेंढीच्या रक्तातून तुमच्या हातात आला, बारीक चिरीतून. कातडीत आहे तोवर गोळ्यांनी जातो. रक्तात उतरला तर माणूस जातो.

"फाशी जनावराला असती. माणसाला फाशी कोर्ट देतंय."

"काका!"

"जिथं दुखत नाय तिथं दवाखाना कशाला? उद्या दुखाया लागलं तर बघू."

"दुखत नाही हेच वाईट आहे."

"आता बघ, दुखलं तर वाईट म्हणतेत, ते म्या ऐकलंय. नाय दुखलं तरी वाईट? मंग बरं कव्हा असतंय माणूस तुमच्या कॉलेजात?"

हसायचं नव्हतं तरी मला हसू आलं. पण खरं कारण जरा वेळानं बाहेर आलं, हळू आवाजात. दवाखान्यात गेलं की गावात बोभाटा होणार. ह्याच्या कळपात फाशी हाय, असं एकदा झालं की कोण शेतकरी मेंढ्या बसवून घेणार? मेंढ्या उभ्या कुठं करायच्या?  याचं उत्तर टिपेत नव्हतं.

उत्तर काकूंनी दिलं. भाकरी थापता थापता, वर न बघता.

"राहू द्या. नका जाऊ. हात तोडला की तिल्ली पायानं बघत जाताल."

काकांनी बशी पालथी घातली. मग उठून पटका बांधायला लागले. एका हातानं बांधता येईना, म्हणून काकूंनीच बांधला.

हातावर स्वच्छ फडकं गुंडाळून मी त्यांना स्कूटीवर मागं बसवलं. पैठण रोडनं शहरात येईपर्यंत त्यांचा तो हात हवेत आणि दुसऱ्या हातात काठी. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं विचारलं, "क्या हुआ चाचा, साप काटा क्या?"

"नाय," काका म्हणाले, "पुतणीनं पकडलंय."

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता आणि त्याच्या टेबलाभोवती तीसेक माणसं. त्यानं फडकं सोडलं, हात नाकाजवळ नेला आणि म्हणाला, "बिब्बा लावलाय ना? भाजलंय ते. मलम देतो. बिब्बा लावू नका परत. चला, पुढचा."

काकांनी माझ्याकडं असं बघितलं की, बघ, मी काय म्हणत होतो.

आता इथं मला एक कबूल करायचं आहे. मी गप्प बसले. फार नाही, पण बसले. मी पदवीधर असले तरी पांढरा कोट घातलेल्या माणसानं काही म्हटलं की आपलंच चुकलं असेल, असं मला अजून वाटतं. आमच्या घरात कागद हातात धरणाऱ्या माणसाला उलट बोलायची सवय कुणालाच नाही. माझ्या मागची बाई मला कोपरानं ढकलत होती. डॉक्टरनं मलमाचं नाव लिहायला घेतलं. काकांची सूज कोपराच्या वर सरकलेली मला दिसत होती. आता नाही बोलले तर मलम लावून हा माणूस घरी जाणार, आणि घोंगडीवर मरणार.

"सर," मी म्हणाले, आणि आवाज एवढा मोठा निघाला की लाईन गप्प झाली. "ते मेंढपाळ आहेत. आठ दिवसांपूर्वी त्यांनी मेलेली मेंढी फाडली आहे."

त्याचं पेन थांबलं. "कशानं मेली होती?"

मी काकांना म्हणाले, "सांगा."

काकांनी सांगितलं. असं सांगितलं की काय सांगू. नाकातलं रक्त, न गोठणारं. पोट कसं तासाभरात फुगलं, मेल्यावर पाय कसे ताठले नाहीत. आणि मग तिल्ली. तिचा आकार त्यांनी चांगल्या हातानं टेबलावर काढून दाखवला. "दाबली तर लगदा, साहेब. डांबरावाणी."

डॉक्टरनं मलमाचा कागद फाडला. हातमोजे घातले, हात पुन्हा बघितला, यावेळी भोवतीचं फोडांचं कडं. "दुखतं?"

"बिब्बा लावून बी दुखलं नाय," काका म्हणाले. अजून त्यांना त्याचा अभिमानच होता.

"सॉरी मॅडम," डॉक्टर म्हणाला. मला. मॅडम. लाईनमधल्या त्या बाईनं कोपर मागं घेतलं.

मग सगळं भराभर झालं. फोडातलं पाणी तपासायला घेतलं, औषध चालू केलं, काकांना खाट मिळाली. दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आपले विद्यार्थी घेऊन आले आणि म्हणाले, नीट बघून घ्या, हे परत बघायला मिळेल असं नाही. दहा-बारा पोरंपोरी खाटेभोवती. काकांनी आधी हात दाखवला, मग तिल्ली समजावली. एका पोरीनं विचारलं, आजोबा, परत एकदा सांगाल का, लिहून घेते. काका माझ्याकडं बघून म्हणाले, "एवढं शिकून बी ह्यांनी तिल्ली बघितली नाय?"

तिसऱ्या दिवशी सूज उतरायला लागली तेव्हा त्यांनी डॉक्टरला विचारलं, "मह्यापासून कुणाला लागंल व्हय हे?" डॉक्टर म्हणाला, भीती जवळजवळ नाहीच, फक्त जखमेला उघड्या हातानं शिवायचं नाही, फडकी वेगळी ठेवायची. काकू शेजारी उभ्या होत्या. त्यांनाही बोलावून तपासलं होतं आणि खबरदारीच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजे सुटका नाय. बसा, भरवते."

पण काकांच्या मनात एक राहिलं होतं. "तू म्हणती कांड्या असतेत," ते मला म्हणाले. "मला बघायच्यात."

तपासणीच्या खोलीतल्या बाईंना मी माझी पदवी सांगितली, नोकरी सांगितली, काकांची हकीकत सांगितली. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "पाच मिनिटं." रंग दिलेली काचपट्टी होती, त्यातले जंतू केव्हाच मेलेले. काकांनी एक डोळा मिटून दुसरा लावला. काही दिसेना. पापण्याच दिसतात म्हणाले. मग पटका काढला, श्वास धरला आणि अचानक सगळं अंग थांबलं. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले.

"कांड्याच हायेत की गं. बांबूच्या." आणि जरा वेळानं, "एवढ्या मेंढ्या फाडल्या. ह्ये कुठंच दिसलं नव्हतं."

मग त्यांनी बाईंना विचारलं, "हे बघाया मेंढीचं किती रगत लागतंय?"

"कानाच्या टोकाचा एक थेंब. जनावरांच्या डॉक्टरांनी घ्यायचा. मेंढी उघडायची नाही."

काका खाटेपर्यंत चालत आले. खाटेवर बसल्यावर म्हणाले, "एका थेंबासाठी म्या आख्खी मेंढी फाडली."

इकडं तळावर, दवाखान्यानं कळवल्यावर, जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. कातडं जाळलं, ओढ्यात मेंढीचं जे उरलं होतं तेही जाळलं, राख खोल खड्ड्यात, वर चुना. ती जागा काट्यांनी बंद केली. कळपातल्या सगळ्या मेंढ्यांना लस टोचली. शेताचा मालक आधी तावातावानं भांडायला आला होता. त्याचे बैलही त्याच गवतावर आहेत हे डॉक्टरांनी सांगितल्यावर तो भांडण अर्धं सोडून बैल आणायला पळाला. बोभाटा मात्र व्हायचा तो झालाच, खोटं कशाला सांगू. त्या हंगामात दोन शेतकऱ्यांनी काकांना आपल्या रानात उतरू दिलं नाही. काका दवाखान्यातून परत आले ते तुरीच्या बांधाबांधानं फिरले. पण उजव्या हातात काठी धरून फिरले. मनगटावर खपली पडून गुळगुळीत डाग राहिला होता.

थंडी पडल्यावर मी पुन्हा एका रविवारी गेले, तर नेमकी त्याच सकाळी एक मेंढी मेलेली. पोट फुगलेलं. काका तिच्यापासून चार पावलांवर काठी घेऊन बसले होते. सुरी कुठंच दिसली नाही. जनावरांच्या डॉक्टरांना फोन झाला होता आणि ते दुसऱ्या गावात होते.

"दोन तास झाले येतो म्हणून," काका म्हणाले. "पायी निघाला का काय." एक कावळा उतरला, त्याला ढेकूळ मारलं. कुत्रं आलं, त्याला काठी. काकू म्हणाल्या, "नवऱ्यामुलीची एवढी राखण नाय केली कुणी."

"गप बस. आत काय झालंय ते मला हितून कळतंय. भिजलेली ज्वारी खाल्लीय तिनं. फाडलं की एका मिनिटात दाखवतो." असं म्हणत हात गुडघ्यांत दाबून बसलेले. बोटं चुळबुळत होती. मला आठवतं तसं त्यांना एवढं अवघड काम करताना मी कधी बघितलं नव्हतं.

डॉक्टर आले, कानाला बारीक टोचून काचपट्टीवर थेंब घेतला, टोचलेल्या जागी कापूस दाबला आणि बिडकीनला दवाखान्यात गेले. तासाभरानं फोन आला. काकांनी तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"फाशी नाही. पट्टी साफ आहे."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग आता फाडू का?"

पलीकडं गाडीची किल्ली वाजली. मग डॉक्टर म्हणाले, "थांबा, मीच येतो. हातमोजे घालून मी उघडतो. तुम्ही सांगा."

ते आले, बसले, मोजे चढवले. काका त्यांच्यामागं दोन्ही हात पाठीशी बांधून उभे राहिले, बोटांत बोटं अडकवून. डॉक्टरांनी पात्याचं टोक टेकवलं.

"तिथून नाय, साहेब," काका म्हणाले. "तिल्ली डावीकडं असती. या, हिकडून या."

डॉक्टर उठले आणि डावीकडून येऊन बसले.